राडारोड्यातून नवे घर: पुण्यात जुने बांधकाम साहित्य पुन्हा वापरताना पर्यावरणाचा खरा हिशोब कसा मांडायचा

पुण्यात जुने बंगले आणि सोसायट्या पाडून नव्याने बांधण्याची लाट आली आहे. कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, कर्वेनगर, कुठेही जा, हिरव्या जाळीआड पोकलेन चालू असतो. निघालेला राडारोडा रात्री डंपरमध्ये भरला जातो. त्यातला बराचसा शेवटी कुठे जाऊन पडतो, हे नदीकाठाने किंवा टेकड्यांच्या पायथ्याने चालणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वेळी नव्या इमारतीसाठी वाघोली-मोशीच्या बाजूच्या खाणींतून काळा दगड फोडून खडी येत असते.

हा लेख बंगला पाडून बांधणाऱ्यांसाठी, पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या कमिटीसाठी आणि छोट्या ठेकेदारांसाठी आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. पुनर्वापराच्या साहित्याने बांधलेले घर आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. जुनी इमारत कशी पाडली जाते, त्यावर सगळा फायदा ठरतो. पाडकामाच्या करारात चार ओळी वाढवल्या तर जे साधते, ते नंतर महागडी ‘ग्रीन’ उत्पादने विकत घेऊनही साधत नाही.

आधी हिशोब: नेमके काय वाचते?

पर्यावरणाची खाती तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले कार्बनचे, दुसरे दगड-वाळू-मातीचे, तिसरे राडारोडा जिथे पडतो त्या जमिनीचे आणि पाण्याचे.

कार्बनच्या खात्यात सिमेंट सगळ्यांना खाऊन टाकते. चुनखडी भाजताना दगडातूनच कर्बवायू बाहेर पडतो, वर भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटच्या एका टनामागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यामागे ४० किलोच्या आसपास. आता डंपरचा हिशोब करा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. साडेतीन किलोमीटरचा अॅव्हरेज धरला, तर कोथरूडहून वाघोलीला जाऊन-येऊन ५० किलोमीटरच्या फेरीला ४० किलोच्या आत-बाहेर येतात. थोडक्यात, डंपरची एक अख्खी फेरी आणि सिमेंटचे एक पोते सारखेच पडतात.

हे लक्षात ठेवून राडारोड्यातल्या खडीकडे पाहा. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण ११५० किलो जाड खडी लागते. त्यातली २० टक्के जुन्या काँक्रीटची वापरली, तर सव्वादोनशे-अडीचशे किलो नवी खडी वाचते. खडी फोडायला टनामागे काही किलोच कार्बन जातो, त्यामुळे बचत किलो-दोन किलोची. आता जुनी खडी ‘कमजोर’ म्हणून गवंड्याने त्या घनमीटरमागे अर्धे पोते सिमेंट जादा टाकले, तर २० किलोचा तोटा! असे काँक्रीट कार्बनच्या खात्यात नव्या खडीच्या काँक्रीटपेक्षा वाईट ठरते.

म्हणजे जुनी खडी वापरूच नये का? वापरावी, आणि जरूर वापरावी. तिचा फायदा दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात आहे. खाण तेवढी कमी खोल जाते आणि राडारोडा ओढ्यात पडत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्याच्या पात्रात भर घालणे म्हणजे पुढच्या पावसाला वाट बंद करून ठेवणे. फक्त या फायद्याला कार्बनचे लेबल लावू नका, आणि सिमेंट वाढू देऊ नका.

वीट अख्खी वाचवली तर मात्र कार्बनमध्येही खरी बचत होते. भट्टी आणि इंधन कोणते यावर आकडा बदलतो, पण भाजलेल्या एका विटेमागे अर्धा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरायला हरकत नाही. पाच हजार विटा सलग काढून परत भिंतीत लावल्या तर अडीच टनांच्या घरात बचत होते, म्हणजे सुमारे साठ पोती सिमेंट. त्याच विटा पोकलेनने चिरडून भरावात टाकल्या, तर त्यांत गेलेली माती आणि कोळसा दोन्ही फुकट.

स्टीलचे गणित निराळे आहे. खनिजापासून झोतभट्टीत पोलाद करताना टनामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो, भंगार वितळवून केलेल्या पोलादाला त्याच्या बऱ्याच खाली भागते. आपल्याकडे जालन्याच्या गिरण्या भंगारापासून सळया करतात, त्यामुळे पुण्यातल्या भंगारवाल्याकडे गेलेली सळई बहुतेक वेळा पुन्हा सळईच होते. ही साखळी कोणत्याही सरकारी योजनेशिवाय चालते. आपण फक्त सळई राडारोड्यासोबत जाऊ द्यायची नाही.

यातून प्राधान्य सरळ लागते: आधी न पाडणे, मग अख्खे काढणे, मग वितळवणे, आणि सगळ्यात शेवटी दळणे.

पायरी १: पाडायचेच आहे का?

तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीचे प्लास्टर उडाले, सळई दिसायला लागली, की ‘आता पाडूनच टाकू’ हा निर्णय चहा संपायच्या आत होतो. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि ते नुसते डोळ्यांनी पाहून लिहिलेले नको. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून ताकद आणि कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सळईचा बचाव कमी होणे) किती खोल गेले आहे, एवढे तरी अहवालात असावे. बीम-कॉलमला जॅकेटिंग (भोवती नवा मजबुतीचा थर) करून इमारत पुढे कित्येक वर्षे चालणार असेल, तर पर्यावरणाच्या दृष्टीने त्याहून मोठी बचत नाही.

पुनर्विकासात एफएसआयचे (प्लॉटवर किती बांधता येईल त्या प्रमाणाचे) गणित असते हे मला माहीत आहे, आणि चार मजल्यांच्या जागी बारा होणार असतील तर हा प्रश्न तिथेच संपतो. पण स्वतःचा बंगला असेल तर निदान जोत्याचा विचार करा. जुन्या पुण्यातल्या अनेक बंगल्यांना घडीव काळ्या दगडाचे जोते आहे. ते जागेवर ठेवून वर बांधता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायला काही लागत नाही. नाहीच ठेवता आले, तरी तो दगड कंपाउंडच्या भिंतीला, पायऱ्यांना आणि उताराच्या प्लॉटवर मातीला आधार देणाऱ्या भिंतीला सोन्यासारखा आहे.

पायरी २: नकाशाआधी नोंद

आर्किटेक्टने नवा नकाशा काढण्यापूर्वी जुन्या घराची मोजदाद झाली पाहिजे. हा क्रम उलटा झाला की निम्मा पुनर्वापर तिथेच बुडतो. जुन्या सागवानी दरवाज्याची उंची साडेसहा फूट, नव्या नकाशात उघडीप सात फुटांची; मग दरवाजा ‘बसत नाही’ म्हणून भंगारात जातो. उघडीप आधी माहीत असती तर नकाशा तसा काढता आला असता, किंवा वर झडपेची खिडकी घेता आली असती.

वही घेऊन गच्चीपासून खाली या. प्रत्येक खोलीत काय आहे, किती आहे, माप काय, कशात बसवले आहे, ते लिहा आणि फोटो काढा. मंगलोरी कौले, वासे, सागवानी चौकटी, लोखंडी ग्रिल, शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, मोझॅक टाइल, बिडाचे पाइप, गॅल्व्हनाइज्ड पाइप, तांब्याची वायर, पितळी कडी-कोयंडे, संडास-बाथरूमची भांडी. भिंतींची जोडणी चुन्यात आहे की सिमेंटमध्ये, हेही टिपा. पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

चौकटी तपासताना खालचा वीतभर भाग पाहा, उंबरठ्याजवळ. लाकूड कुजते आणि वाळवी लागते ती तिथेच. टोचा मारून बघा. आत शिरला तर तेवढा भाग कापून टाकायचा आणि वरचे लाकूड शटरला, खिडकीला, कपाटाच्या पट्ट्यांना वापरायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या सागवानाचे वय आणि वाळलेपण आज विकत मिळत नाही. सुतार रंध्याला लावण्याआधी प्रत्येक खिळा काढून घेईल याची काळजी घ्या, नाहीतर पात्याचा आणि माणसाचा दोघांचाही घात होतो.

माल किती निघणार, याचा ढोबळ आकडा याच टप्प्यावर काढा. टायफॅक या केंद्रीय संस्थेचा जुना अंदाज पक्क्या इमारतीला चौरस मीटरमागे ५०० किलोचा आहे. दीड हजार चौरस फुटांचा बंगला म्हणजे १४० चौरस मीटर, म्हणजे ७० टन. सुट्ट्या राडारोड्याचा एक ब्रास (१०० घनफूट) साडेतीन-चार टनांचा धरला, तर अठरा-वीस ब्रास. साध्या बंगल्याचे हे एवढे निघते!

पायरी ३: पाडकामाचा करार

पुण्यातली रूढ पद्धत अशी की पाडकामाचा ठेकेदार ‘सगळा जुना माल माझा’ या बोलीवर काम घेतो आणि मजुरी त्यातून वळती करतो. यात त्याचा फायदा वेगात असतो. सळई, लाकूड, ग्रिल यांना भाव आहे म्हणून ते निघते. विटा, फरशी, दगड यांना हाताने काढण्याची मजुरी परवडत नाही म्हणून त्यांच्यावर पोकलेन फिरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, करारच तसा असतो. म्हणून करार बदलायचा.

माझ्या अनुभवात या अटी चालतात:

पहिली, मालकाने राखून ठेवलेल्या वस्तूंची यादी कराराला जोडायची, नगांसह. दुसरी, वीट आणि फरशी काढण्याची मजुरी नगावर ठरवायची, शाबूत आणि साफ केलेल्या नगावर. दिवसावर मजुरी दिली की तुकडे वाढतात. तिसरी, राडारोडा कुठे टाकणार त्या जागेचे नाव करारात लिहायचे आणि प्रत्येक फेरीची वजनकाट्याची पावती मागायची. पुणे महापालिकेचे बांधकाम राडारोड्याचे प्रक्रिया केंद्र वाघोलीच्या बाजूला आहे, पिंपरी-चिंचवडचे मोशीत. सध्याचे दर आणि वाहतुकीची सोय आपल्या क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. चौथी, शेवटचा हप्ता पावत्यांचे वजन आणि आपला अंदाज जुळल्यावरच द्यायचा. ७० टनांच्या बंगल्यामागे तीस टनांच्या पावत्या आल्या, तर उरलेला माल कुठेतरी ओढ्यात आहे असे समजा.

कायदाही इथे आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्यांवर वर्गवारीचे (प्रकारानुसार माल वेगळा करण्याचे) बंधन घातले. पोकलेनने दोन दिवसांत पाडलेला साधा बंगलाही दिवसाची २० टनांची रेघ ओलांडतो, आणि हे बहुतेक मालकांच्या गावीही नसते. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात. त्यांतली विस्तारित उत्पादक जबाबदारी (राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी बांधणाऱ्यावरच) २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांसाठी आहे, म्हणजे मोठे पुनर्विकास प्रकल्प थेट त्यात येतात.

पायरी ४: पाडण्याचा क्रम आणि आधीचे धोके

इमारत ज्या क्रमाने बांधली, त्याच्या उलट क्रमाने उतरवायची. वायरिंग आणि पाइप, मग दारे-खिडक्या, मग फरशी आणि ओटे, मग छप्पर, मग विटांच्या भिंती, आणि आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा शेवटी. शहाबादी फरशी चुन्यात किंवा मातीत बसवलेली असेल तर पहार घालून सांध्यातून अलगद उचलता येते. मोझॅक टाइल सिमेंटमध्ये पक्की धरलेली असते, ती बरीच फुटते आणि ते मान्य करून पुढे जावे.

दोन गोष्टींना मात्र अजिबात घाई नको. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक वेळा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. आधी पाण्याने भिजवायचे, बोल्ट काढून अख्खे खाली उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवायचे आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्यायचे. त्यांचा पुनर्वापर कोणत्याही रूपात करू नका, गोठ्यालाही नको आणि पार्किंगलाही नको. दुसरे म्हणजे जुना ऑइल पेंट. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. ज्योतीने जाळून किंवा कोरडे घासून तो काढला की शिसे धुरात आणि धुळीत येते. ओले घासावे, मास्क लावावा, आणि खरवड बागेत टाकू नये.

धूळ दाबायला पाणी लागतेच. त्यासाठी पिण्याचे पाणी वापरू नका, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी टँकरने मागवा. आणि शक्य असेल तर पाडकाम पावसाळ्याच्या तोंडावर धरू नका. उघडे ढीग पहिल्याच वळवात गल्लीच्या चेंबरमध्ये जातात.

पायरी ५: ढीग वेगळे म्हणजे वेगळेच

साइटवर निदान पाच जागा आखा: शुद्ध काँक्रीट, विटा-प्लास्टर, माती-मुरूम, लोखंड, लाकूड-प्लास्टिक-काच. पीओपी आणि जिप्समचे तुकडे सहाव्या पोत्यात. हे शेवटचे लोक गंभीरपणे घेत नाहीत, पण जिप्सममधले सल्फेट नव्या काँक्रीटला आतून फोडते. फॉल्स सीलिंगचा चुरा मिसळलेला काँक्रीटचा ढीग काँक्रीटच्या कामातून बाद.

माझा आग्रह एवढाच की ढिगांवर लक्ष ठेवायला एक माणूस असावा. दुपारच्या जेवणानंतर कुणीतरी घमेले चुकीच्या ढिगावर रिकामे केले की सकाळची मेहनत पाण्यात.

पायरी ६: कोणता माल कुठे?

विटेपासून सुरुवात करू. चुन्यातली वीट हातात घेऊन छिन्नीने कडेला हलकेच ठोकली, की चुन्याची पापडी सुटून वीट मोकळी होते. कामाला सरावलेला माणूस बोलता बोलता ढीग लावतो. सिमेंटमधली वीट तशी सुटत नाही. मसाला विटेपेक्षा घट्ट असतो आणि ठोकल्यावर वीटच तुटते. म्हणून जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या चुन्याच्या भिंतींतून भरपूर शाबूत विटा मिळतात, ऐंशीच्या दशकानंतरच्या इमारतींतून कमी. साफ केलेल्या विटेची परीक्षा सोपी आहे. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यावा. एक मीटर उंचीवरून पाडा, तुटू नये. कोरडी वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवून परत करा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढले तर ती वीट भिंतीला नको. लोणा लागून पांढरी पडलेली वीट नव्या भिंतीत घालू नका, क्षार प्लास्टरमधून वर येतातच. चांगल्या विटा आतल्या पडद्याच्या भिंतींना, कंपाउंडला, किंवा प्लास्टर न करता दर्शनी भिंतीला वापरा. प्लास्टर टाळले तेवढे सिमेंटही वाचले.

तुकड्यांनाही कामे आहेत. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा विटांच्या तुकड्यांचाच असतो, आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाइलचा चायना मोझॅक केला तर ऊन परत फेकले जाते, वरचा मजला उन्हाळ्यात कमी तापतो. कोब्याचे वजन मात्र बरेच असते, म्हणून जाडी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून ठरवा.

शाबूत मंगलोरी कौले मिळाली तर फिलर स्लॅबचा विचार जरूर करा. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते. त्या जागी सळयांच्या चौकोनांत कौले ठेवली, की तेवढे काँक्रीट कमी लागते आणि स्लॅब हलका होतो. इथे जुने साहित्य थेट सिमेंट वाचवते, म्हणून मला हा वापर सगळ्यांत जास्त आवडतो. डिझाइन इंजिनिअरकडूनच हवे, आणि सेंट्रिंगवाल्याला एकदा समोर बसवून दाखवावे लागते.

शहाबादी फरशी पॉलिश करून अंगणाला, पार्किंगला, गच्चीला. कडप्पा बाकड्यांना आणि खिडकीच्या कट्ट्यांना. पाडकामातला मुरूम जोत्याच्या भरावाला, सहा-आठ इंचांचे थर करून पाणी मारून धुम्मस केलेला. काळी माती भरावात नको, ती फुगते आणि आकसते, बागेला ठेवा. भरावात लाकडाचा तुकडा राहिला तर वाळवीला आमंत्रण.

जुनी सळई सरळ करून पुन्हा काँक्रीटमध्ये घालू नका, कितीही चांगली दिसली तरी. वाकवून सरळ केलेल्या, गंज चढलेल्या सळईचा भरवसा नाही. भंगारात द्या, ती तिच्या मार्गाने परत येईल.

काँक्रीटचा चुरा विहिरीजवळ, शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या मुळाशी टाकू नका. त्यातून सिमेंटचा अल्क पाण्यात उतरतो आणि माती खारावल्यासारखी होते. शोषखड्ड्याला धुतलेले विटांचे तुकडे आणि गोटे चालतात.

जे आपल्याला लागणार नाही ते विका. भवानी पेठेच्या टिंबर मार्केट भागात जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे, आणि जुन्या बाजारात कड्या-कोयंड्यांपासून ग्रिलपर्यंत सगळे खपते. दुसऱ्याच्या घरात गेलेली चौकट हाही पुनर्वापरच.

पायरी ७: जुन्या खडीचे काँक्रीट

इथे मानके स्पष्ट आहेत. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने दोन प्रकार केले आहेत. शुद्ध काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीमध्ये एम-२५ ग्रेडपर्यंतच (एमचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) आणि २० टक्क्यांपर्यंत, तर एम-१५ हून कमी ग्रेडच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. वीट-प्लास्टर मिसळलेली खडी मात्र फक्त या शेवटच्या, कमी ग्रेडच्या कामाला.

घरगुती कामात मी आरसीसीच्या भानगडीत पडू नका असेच सांगेन. पायाखालचे पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), कंपाउंडच्या पायातले काँक्रीट, पार्किंगच्या फरशीखालचा थर, आतल्या रस्त्याचे सोलिंग (खालचा दगडी थर), यांतच एका बंगल्याचा बराच राडारोडा जिरतो. पेव्हर ब्लॉक प्रक्रिया केंद्रातल्या मालाचे मिळाले तर घ्या.

वापरताना पाण्याकडे लक्ष हवे. आपला काळा दगड पाणी फार थोडे पितो, जुन्या काँक्रीटच्या खडीला चिकटलेला मसाला भरपूर पितो. किती पितो ते साइटवरही कळते: दोन किलो कोरडी खडी चोवीस तास भिजवा, फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. २.१ किलो भरली तर शोषण पाच टक्के. घनमीटरमध्ये २३० किलो अशी खडी असेल, तर ती साडेअकरा लिटर पाणी स्वतःच पिऊन टाकते. मिश्रण कोरडे वाटून मिक्सरवाला पाइप सोडतो, ताकद कोसळते, आणि मग पुढच्या खेपेला जादा सिमेंट. हे चक्र तोडायला उपाय एकच, खडी आदल्या दिवशी भिजवून, वरचे पाणी निथळून वापरा. मोठ्या कामाला शोषण, क्रशिंग व्हॅल्यू, सल्फेट आणि क्लोराइड यांची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या.

पायरी ८: जे नवे घ्यावे लागेल ते

सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) किंवा स्लॅगचे (झोतभट्टीची मळी मिसळलेले) घ्या. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते, औष्णिक वीजकेंद्रांची राख. तेवढा क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल, वाचतो. पण त्याला ताकद धरायला वेळ लागतो. आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचे मानक मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस सतत ओलावा (क्युरिंग) मागते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चौदा दिवस करावे. सेंट्रिंग काढायची घाई नको. क्युरिंग चुकवले तर पीपीसीचा फायदा भेगांच्या दुरुस्तीत जातो.

फ्लाय अॅशच्या विटा भाजत नाहीत म्हणून कोळसा वाचतो, मातीही. भाजीव विटेसारखे त्यांना हौदात बुडवून ठेवू नका, लावण्यापूर्वी पाणी शिंपडले की पुरे. नाहीतर सुकताना भिंतीला बारीक भेगा पडतात. सळईवर आयएसआय चिन्ह आणि टेस्ट सर्टिफिकेट बघा. आणि कोणतेही ‘रिसायकल्ड’ उत्पादन घेताना दोनच प्रश्न विचारा: यात किती टक्के जुना माल आहे, आणि तो कुठून येतो? तीन राज्यांपलीकडून ट्रकने येणारी ‘ग्रीन’ टाइल आणि दहा किलोमीटरवरची जुनी शहाबादी यांत निवड अवघड नसावी.

सोसायटी असेल तर

पुनर्विकासात कमिटी चटईक्षेत्र, भाडे आणि कॉर्पसवर (विकसकाकडून मिळणाऱ्या निधीवर) वर्षभर भांडते, आणि राडारोडा एका ओळीत उरकते: ‘पाडकाम व मलब्याची विल्हेवाट विकसकाने करावी’. त्या ओळीच्या जागी हे मागा. पाडकामाआधी साहित्याची मोजदाद आणि तिची प्रत सभासदांना. वर्गवारीचा आराखडा, ढिगांच्या जागांसह. प्रक्रिया केंद्राच्या पावत्या दर आठवड्याला सोसायटीच्या ग्रुपवर. नव्या इमारतीच्या पीसीसी, सोलिंग आणि पेव्हरमध्ये किती टक्के पुनर्वापर साहित्य असेल तो आकडा. आरसीसीत जुनी खडी वापरायची असेल तर चाचणीचे अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने. अॅस्बेस्टॉस पत्र्यांची वेगळी जबाबदारी. आणि सभासदांना स्वतःच्या घरातली दारे, ग्रिल, फरशी काढून न्यायला पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची मुदत.

यातले काहीही विकसकाला परवडणार नाही असे नाही. निविदेतच घातले तर सगळे त्याच पायावर दर देतात; विकास करारावर सह्या झाल्यावर मागितले तर प्रत्येक अट जादा खर्च म्हणून परत येते. म्हणून हा मसुदा प्रकल्प सल्लागाराकडे निविदा निघण्याआधी द्या, आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ठराव म्हणून नोंदवून घ्या.